आपण मागितलेली माहिती

मावशी,

तुम्ही गेलात त्याला आज तीन आठवडे होत आले. जलदानविधीला मी आले होते. तुमच्या सुनेने, प्रज्ञाने, मला दारातच पाहिलं आणि आत बसलेल्या बायकांना सांगायला लागली, "या पालिकेतल्या मॅडम. आईंच्या..." पुढे तिला शब्द सापडेना. मैत्रीण म्हणावं तर तुमच्या-माझ्यात वीस-बावीस वर्षांचं अंतर. नुसती ओळखीची म्हणावं तर तेही तिला पटेना. शेवटी ती म्हणाली, "आईंच्या अर्जवाल्या मॅडम." सगळ्या बायकांनी माना हलवल्या. म्हणजे तुम्ही घरी माझ्याबद्दल बोलत होतात. काय बोलत होतात, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

त्रिशरण-पंचशील झाल्यावर मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि तुम्ही फार चिकाटीच्या होतात, असं काहीतरी बोलून खाली बसले. मला बोलायचं होतं ते वेगळंच होतं. ते सगळ्यांसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं, आणि तुमच्यासमोर बोलायला चार वर्षं मिळाली होती ती मी घालवली. म्हणून आता लिहितेय.

तुमचा पहिला अर्ज परत पाठवणारी मीच. हे तुम्हाला माहीत होतं. पाणीपुरवठा विभागात माहिती अधिकाराचे अर्ज माझ्या टेबलावर येतात, उत्तराचा मसुदा मी करते आणि खाली सही साहेबांची होते. तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. (पालिकेचं नाव मी लिहीत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातली एक, एवढं पुरे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आपल्या पालिकेचा विचार करता आला पाहिजे.)

तुम्ही आलात तो दिवस मला आठवतो, कारण तुमची बोटं निळी होती. मला वाटलं शाई सांडली. नंतर कळलं, उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे तुमच्या गल्लीत येतात आणि घरोघरी बायका त्यांचे धागे कापायला बसतात, त्या कपड्यांचा तो रंग. तुमच्या अर्जाच्या कोपऱ्यावरही अंगठ्याएवढा निळा डाग होता. अर्ज समोरच्या झेरॉक्सवाल्या सिंधीकाकांनी दिलेल्या कोऱ्या कागदावर लिहिलेला. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं ठसठशीत, गोल अक्षर. मजकूर तीनच ओळींचा. आमच्या गल्लीत येणारं पाणी तुम्ही तपासता का? तपासत असाल तर त्याचे कागद द्या. तपासत नसाल तर तसं लिहून द्या.

इतका साधा अर्ज मी त्याआधी पाहिला नव्हता. आमच्याकडे येणारे अर्ज कंत्राटदारांचे असतात, एकमेकांवर डूख धरणाऱ्या पुढाऱ्यांचे असतात. एवढा सरळ प्रश्न कोणी विचारत नाही, त्यामुळे तो मला संशयास्पद वाटला. तिसाव्या दिवशी मी तुम्हाला उत्तर पाठवलं: "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही."

आणि मावशी, पाणी तपासल्याच्या नोंदींची ती वही माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. दुसऱ्या खणात, हिरव्या कापडी बांधणीची. उत्तर टाइप करताना मी खुर्ची मागे सरकवली तेव्हा माझी पाठ त्याच कपाटाला टेकली होती. मला माहीत होतं, कागद आहेत. ते कसे भरले जातात याचा अंदाजही होता. मी खोटं लिहिलं नाही, फक्त तुम्ही प्रश्नचिन्ह वापरलंत त्याचा आधार घेतला. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

तुमच्या घरी तेव्हा काय चाललं होतं, तेही मी विचारलं नव्हतं. ते मला अपिलाच्या सुनावणीत कळलं.

त्याआधी तुमचा दुसरा अर्ज आला होता. झेरॉक्सवाल्या काकांनी तुम्हाला सांगितलं होतं, "अम्मा, सवाल मत पूछो. कागज का नाम लिखो, और बोलो कॉपी दो." तुम्ही कागदाचं नाव लिहिलंत: पाण्याच्या नमुन्यांची नोंदवही. त्यालाही मी एक ठरलेलं वाक्य पाठवलं, माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही. मला वाटलं, थकाल. तुम्ही अपील केलंत.

सुनावणीला तुम्ही पांढरी साडी नेसून आला होतात, इस्त्रीची. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला विचारलं, "बाई, तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाय साहेब. डॉक्टरनी."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"सरकारी दवाखान्यातल्या. माझ्या सुनेला सातव्या महिन्यात कावीळ झाली. आमच्या गल्लीत सहा जणांना झाली. डॉक्टरनी मला विचारलं, पाणी कुठलं पिता? मी म्हटलं, नळाचं. ते म्हणाले, चांगलं असतं का? मला उत्तर देता नाय आलं, साहेब. मी रोज तेच पाणी पिते, सगळ्यांना पाजते आणि मला माहीत नाय. म्हणून विचारायला आले."

मग तुम्ही म्हणालात, "प्रत नाय दिली तरी चालेल. वही नुसती दाखवा. मला वाचता येतं."

मी तेव्हा खाली बघत होते. सातव्या महिन्यातली कावीळ म्हणजे काय, हे मला माहीत होतं. माझ्या चुलत बहिणीचं मूल त्यात गेलं होतं. नशिबाने तुमची प्रज्ञा वाचली. पोरगी वेळेआधी झाली, हाताच्या ओंजळीत मावेल एवढी, तरी वाचली. पण त्या दिवशी तुम्ही सांगत होतात तेव्हा ती पोरगी अजून दवाखान्यातच होती आणि काय होईल ते कोणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून तुम्ही थेट सुनावणीला आला होतात आणि तिथून परत दवाखान्यात गेलात. आदेश तुमच्या बाजूने झाला: अर्जदाराला नोंदवही पाहू द्यावी.

वही पाहायला तुम्ही पोरगी घरी आल्यानंतरच्या सोमवारी आलात. माझ्या टेबलाच्या पलीकडे बसून चष्मा लावलात आणि पहिल्या पानापासून सुरुवात केलीत. मला वाटलं होतं, चाळाल आणि जाल. तुम्ही प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचत होतात. कुठे क्लोरीनचा आकडा आहे, कुठे जिवाणूंची तपासणी, शेवटच्या रकान्यात शेरा: पिण्यास योग्य. तास झाला, सव्वा तास झाला. तुम्ही पाणी मागितलंत. मी माझ्या बाटलीतून ग्लास भरून दिला.

"हे इथलं पाणी का मॅडम?"

"नाही, घरचं आहे. बदलापूरहून आणते."

"म्हणजे तुमच्या नळाचं."

"नळाचंच. फिल्टर केलेलं."

तुम्ही पूर्ण ग्लास प्यायलात, खाली ठेवलात आणि म्हणालात, "गोड आहे." एवढंच. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. टोमणा नव्हता. बदलापूरला खरवईच्या आमच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेलो तेव्हा पहिली वस्तू आम्ही घेतली ती फिल्टर. सतरा वर्षं मी पाणी खात्यात नोकरी करत होते आणि खात्याचं पाणी पीत नव्हते, हे मला त्या क्षणापर्यंत विचित्र वाटलं नव्हतं.

मग तुम्ही एका ओळीवर थांबलात. पुढचं पान उलटलंत, परत मागे आलात.

"मॅडम, हे आमच्या गल्लीचं ना? विहारासमोरचा सार्वजनिक नळ?"

"हो. तुमच्याकडचा नमुना तिथून घेतात."

"प्रत्येक महिन्याला?"

"हो, बघा ना, नोंद आहे."

"पण तो नळ तर काढून टाकला. माझ्या मिलिंदचं लग्न झालं त्याच्या आधी. आता तिथे नुसता पाइपचा तुकडा आहे, त्याला डांबर फासलेलं."

तुमचा आवाज चढला नाही. उलट तुम्ही तो खाली घेतलात, शेजारच्या टेबलांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला लाज वाटू नये म्हणून. दोन वर्षांहून जास्त काळ आमची वही एका नसलेल्या नळाचं पाणी पिण्यास योग्य ठरवत होती, आणि ते पकडणारी बाई माझी अब्रू सांभाळत होती.

मी शिंदेंना बोलावलं. नमुने आणायचं काम त्यांचं. तुम्हाला समोर पाहून त्यांनी आधी टाळाटाळ केली, मग तिथल्या तिथे स्टुलावर बसले.

"एकटा माणूस आहे मावशी. सगळ्या गावातले नमुने आणायचे, बर्फ वितळायच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचे. रिक्षा नाही, काही नाही. जवळचे नळ गाठतो. लांबचे..."

तुम्ही विचारलंत, "आमच्याकडे पाणी किती वाजता सोडता?"

"साडेसहाला."

"मग उद्या सव्वासहाला या. मी नळ दाखवते. चहा घरीच घ्या."

शिंदेंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मीही येते. का म्हटलं, मला अजून सांगता येत नाही.

मी तुमची गल्ली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. मालमत्ता क्रमांकांवरून मला ती पाठ होती, पण पाहिली नव्हती. दारोदारी जीन्सचे ढीग आणि एवढ्या सकाळी कात्र्या चालवायला बसलेल्या बायका. घराघरातली पाण्याची नळी गटारातून गेलेली. प्रज्ञा दारात बाळाला घेऊन बसली होती. डोळ्यांतला पिवळेपणा अजून पूर्ण गेला नव्हता. मी पालिकेतून आलेय कळल्यावर ती आत उठून गेली. तिचं बरोबर होतं.

शिंदेंनी गल्लीच्या तोंडाशी पहिल्या नळाचं पाणी काचेच्या छोट्या नळीत घेतलं, औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. तुम्ही विचारलंत, हे चांगलं की वाईट? शिंदे म्हणाले, चांगलं, पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, जंतू मरतात. दहा घरं पुढे गेलो. पिवळा रंग फिकट झाला. तुमच्या घरी पोचलो तेव्हा थेंब टाकले आणि पाणी पांढरंच राहिलं. शिंदेंनी आणखी थेंब टाकले. काही नाही.

तुम्ही नळीकडे बघत म्हणालात, "म्हणजे तिथनं इथपर्यंत येताना काहीतरी होतंय."

आमच्या खात्यात कोणी इतक्या थोडक्यात आजवर समजावून सांगितलं नसेल. खरंच तसं होतं. गल्लीच्या मध्याला मुख्य वाहिनी नाल्यातून गेलेली होती आणि तिथे ती गंजली होती. बर्फाच्या डब्यातली बाटली प्रयोगशाळेत गेली आणि आठवड्याने शेरा आला, पिण्यास अयोग्य. त्या वहीत मी तो शब्द माझ्या हाताने पहिल्यांदा लिहिला. साहेब म्हणाले होते, परत नमुना घ्या, मग बघू. मी म्हटलं, "बाईंचा अर्ज आहे साहेब, सत्यप्रत द्यावी लागेल." ते म्हणाले, "द्या मग." मी धीट वगैरे झाले नव्हते. तुम्ही बाहेर बाकावर बसला होतात, एवढंच कारण होतं.

त्याच सत्यप्रतीच्या जोरावर वाहिनी नाल्यातून उचलून वर घेण्याचं काम मंजूर झालं. साहेबांनीच ती फाइलला जोडली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना कोणी कधी कागद दाखवला नव्हता आणि त्यांनी मागितला नव्हता. काम व्हायला पावसाळा उलटून गेला, पण झालं. त्यानंतर तुमच्या घरच्या नळाचं पाणी पिवळं झालं तेव्हा तुम्ही शेजारणींना बोलावून नळी दाखवलीत, जसं काही पोरीचं बारसं आहे. प्रज्ञाने मला त्या दिवशी पहिल्यांदा चहा दिला.

मावशी, मला ही नोकरी अनुकंपा तत्त्वावर मिळाली. वडील गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला शिक्षिका व्हायचं होतं. कागद जपणं म्हणजे कोणाच्या हाती लागू न देणं, असं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं आणि मी तेच करत आले. तुम्ही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वही बघायला यायला लागलात तेव्हा मला आधी त्रास वाटला. मग मी रविवारीच वही नीट आहे ना याचा विचार करायला लागले. मग दुसऱ्या गल्ल्यांची पानं मी स्वतःहून वाचायला लागले आणि आणखी तीन नसलेले नळ मला सापडले. मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता तुम्ही अर्ज करा स्वतःलाच." मी खूप हसले. नोकरीत मी कधी एवढं हसले असेन असं आठवत नाही.

आणि तो बारवी धरणाचा रविवार. पाणी कुठनं येतं ते बघायचंय, असं तुमच्या मनाने घेतलं. बदलापूरहून आपण रिक्षा केली, तुम्ही, मी आणि मांडीवर तुमची नात. धरणाचं पाणी दिसलं तेव्हा तुम्ही नातीला उचलून ते दाखवलंत. वाटेतल्या पाड्यावर भाताच्या आवणात एक बाई काम करत होती. तुम्ही बांधावरून तिला विचारलंत, "तुमच्यात पाणी तपासायला कोण येतं का?" ती म्हणाली, "आमची विहीर हाय बाय. कोन कशाला येल?" तुम्ही तिच्या हंड्यातलं पाणी प्यायलात, तिच्याशी भाताच्या जातीवर अर्धा तास बोललात आणि निघताना तिला सांगितलंत की विहिरीचंही पाणी तपासून मिळतं, मागायचं असतं. परतताना रिक्षात मला म्हणालात, "एवढं छान निघतं हो तिकडनं. वाटेत आपल्यालाच सांभाळता येत नाय." दोषात तुम्ही स्वतःलाही धरलंत, याचं मला नवल वाटलं होतं.

आपलं भांडण झालं ते फलकावरून.

तुमचं म्हणणं होतं, दर महिन्याचा तपासणीचा कागद गल्लीच्या तोंडाशी लावा. मराठीत आणि हिंदीत. "अर्ज का करायचा मॅडम? पाणी आम्ही पितो, वही तुमच्या कपाटात. सगळ्यांना सुनावणीला यायला जमतं का?" मी म्हणायचे, लोक घाबरतील. वाईट शेरा लागला की मोर्चा येईल, पुढारी येतील, टँकरवाल्यांचं फावेल, शिंदेंना कोणीतरी मारेल. चांगला आला की लावू.

"चांगला आल्यावर कोणाला काय करायचंय?" तुम्ही म्हणालात. "वाईट आला तर सांगायलाच पाहिजे. तेव्हाच पाणी उकळायचं असतं ना."

"तुम्हाला लोक माहीत नाहीत, मावशी."

"मला लोक माहीत नाय? मी कुठे राहते?"

तेव्हा मी चिडून बोलले. तुम्हाला बोलायला काय जातं, तुम्हाला नोकरी सांभाळायची नाहीये, असं म्हणाले. धागे कापून डोळे घालवलेल्या बाईला मी हे म्हणाले. तुम्ही चष्मा डबीत ठेवलात, वही बंद केलीत आणि निघून गेलात. पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी तुम्ही आला नाहीत. मी दिवसभर दाराकडे बघत होते. फोन करावा असं दहा वेळा मनात आलं, पण केला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात तुम्ही आलात, जणू काही झालंच नाही अशा. वाटीत झाकून प्रज्ञाच्या हातचा रव्याचा लाडू आणला होतात. मी माफी मागायची होती. मी लाडू खाल्ला.

फलक मी मंजूर करून घेतला, तो खरं तर त्या माफीऐवजी. आधी तुमच्या गल्लीत, मग आणखी पाच ठिकाणी. काचेचं छोटं कपाट, आत कागद. पहिला कागद लावला तेव्हा तुम्ही काठी टेकत पाहायला आलात. पिण्यास योग्य. तुम्ही वाचलंत आणि म्हणालात, "छान झालं. आता मी वाट बघते."

"कशाची?"

"वाईट आल्यावर काय करता त्याची."

त्यानंतर वर्षभर सगळे कागद चांगलेच आले. खरेच चांगले, शिंदे आता प्रत्येक नळापर्यंत जातात, त्यांना हाताखाली एक बाईही मिळाली आहे. तुम्ही प्रत्येक वेळी वाचायचात आणि माझ्याकडे बघून हसायचात. मला ठाऊक होतं, का हसताय. मग तुमची छाती दुखायला लागली, दवाखाना झाला, गोळ्या झाल्या. आणि एका दुपारी गठ्ठ्यावर हात ठेवून तुम्ही बसल्या जागी गेलात. प्रज्ञा सांगत होती, हातातली जीन्स पुरी झालेली होती.

आता मागच्या आठवड्यातलं सांगते. तुमच्या जलदानविधीनंतरच्या मंगळवारी शिंदेंचा फोन आला. तुमच्या शेजारच्या गल्लीत थेंब टाकल्यावर पाणी पांढरंच राहिलं. गुरुवारी दुपारी प्रयोगशाळेचा कागद आला: पिण्यास अयोग्य. आता नवे साहेब आहेत, तरुण आहेत, हुशार आहेत. ते म्हणाले, "मॅडम, दोन दिवस थांबा. गळती शोधू, दुरुस्त करू, मग नवा नमुना घेऊन चांगला कागद लावू. उगाच लोकांत घबराट नको."

अगदी माझीच वाक्यं, मावशी. मी तुम्हाला सांगायचे तीच. ऐकताना ती मला इतकी समजूतदार वाटली की मी जवळजवळ हो म्हणाले. मग मी विचारलं, "साहेब, हे दोन दिवस लोक काय पिणार?" त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. मी म्हटलं, "मी लावून येते. खाली माझी सही करते." ते म्हणाले, "जबाबदारी तुमची." मी म्हटलं, "हो."

कागदाखाली मी मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी उकळून प्या. दुरुस्ती सुरू आहे. तेच हिंदीत. शिंदे म्हणाले, मी येतो बरोबर, पण जरा लांब उभा राहतो. काच उघडून कागद लावला तेव्हा समोरच्या ओट्यावर चार बायका धागे कापत होत्या. एकीने विचारलं, क्या लिखा है? मी वाचून दाखवलं. दुसरी उठली, घराघरात सांगत गेली. गर्दी झाली. मी मनात म्हटलं, आता.

एक माणूस चढ्या आवाजात बोलायला लागला की चार दिवसांपासून पाण्याला वास आहे. मागची म्हातारी म्हणाली, चार नाही, सहा. तिसरी म्हणाली, वास आमच्याकडे नाही, फक्त वळणाच्या पुढे. मग कोणीतरी म्हणालं, वळणावर पिठाच्या गिरणीमागे जमीन कायम ओली असते, पाऊस नसतानाही. शिंदे लांब उभे होते ते जवळ आले. "कुठे? दाखवा." पाच-सहा जण त्यांना घेऊन गेले. गळती तिथेच होती. जे शोधायला आमच्या माणसांना दोन दिवस लागले असते, ते त्यांनी अर्ध्या तासात शोधून दिलं. कोणी मोर्चा काढला नाही. शिंदेंना कोणी मारलं नाही. उलट त्यांना खड्डा खणायला पहार आणून दिली. शनिवारी पाइप जोडला.

मी चुकले होते. तुम्हाला लोक माहीत होते, मला नव्हते. हे मला तुमच्यासमोर, तुमच्या घरी, चहा घेताना कबूल करायचं होतं आणि तुम्ही फार काही बोलला नसतात, हेही मला माहीत आहे.

सोमवारी नवा नमुना गेला. अहवाल परवा संध्याकाळी आला. काल सकाळी मी तो घेऊन गेले तेव्हा फलकापाशी दहा-बारा जण आधीच उभे होते, कामावर निघालेले, डबे हातात. मला वाट करून दिली. काच उघडायच्या आधी मी कागद उलगडला आणि तिथेच उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून, आकड्यांसकट, 'पिण्यास योग्य' या शेवटच्या शेऱ्यापर्यंत.